कुंभारणीच्या घरट्यात अळी कशाला?

प्रश्न : आमच्या पडवीत दाराच्या चौकटीवर कुंभारणीने मातीचं घर बांधलं आहे. मुलाने काडीने एक फोडलं, तर आतून सात-आठ हिरव्या अळ्या पडल्या. मेलेल्या वाटल्या, पण डिवचल्यावर एक किंचित वळवळली. सासूबाई म्हणतात, कुंभारीण अळीला कोंडते, तिच्याभोवती गुणगुणते आणि त्या अळीचीच कुंभारीण होते. हे खरं का? आणि उरलेली घरटी पाडावीत का?
– एक वाचक, गुहागर

उत्तर : सासूबाई सांगतात तो दृष्टांत फार जुना आहे. अवधूताने यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगितले, त्यात कुंभारीणही आहे. कोंडलेली अळी भीतीने तिचाच ध्यास घेते आणि तद्रूप होते, हे मीही लहानपणापासून कीर्तनात ऐकत आलो. ज्याने तो पहिल्यांदा सांगितला, त्याने घरटं डोळे उघडे ठेवून पाहिलं होतं, असंच मी मानतो. अळी आत जाते, गुणगुण ऐकू येते, तोंड लिंपलं जातं आणि काही दिवसांनी त्याच मातीला भोक पाडून कुंभारीण बाहेर येते. हे सगळं खरोखर घडतं. बाहेरून दिसत नाही ते फक्त अंडं.

तुमच्याकडची कुंभारीण अळ्या नेणाऱ्या जातीची आहे. ती घट बांधून झाला की आधी अंडं घालते, तेही जमिनीवर नाही, तर छताला बारीक धाग्याने टांगून. मग शिकारीला निघते. अळीला ती मारत नाही. नांगी टोचून तिची हालचाल तेवढी बंद पाडते, म्हणून तुमच्या मुलाला ती वळवळ दिसली. आपल्या दमट हवेत मेलेली अळी दोन दिवसांत कुजली असती. ही जिवंत असते, म्हणून ताजी राहते. फ्रान्समध्ये झां आंरी फाब्र (१८२३–१९१५) या कीटकप्रेमी शिक्षकाने हे टांगलेलं अंडं बारकाईने पाहिलं आणि त्याचं कारणही सुचवलं : अळ्या अधूनमधून अंग झटकतात, नाजूक अंडं त्यांच्यात ठेवलं तर चिरडेल. अंड्यातून निघालेलं पिल्लू हा साठा खाऊन वाढतं, कोषात जातं आणि पंख फुटल्यावर बाहेर पडतं. आत गेलेली अळी आणि बाहेर आलेली कुंभारीण हे दोन वेगळे जीव.

आता गुणगुण. आमच्या विहिरीच्या दोणीपाशी कायम ओल असते. तिथे काळी-पिवळी कुंभारीण उतरते, शेपूट वर करून जबड्याने तांबडी माती खरवडते, तिची गोळी करते आणि तशीच उचलून नेते. भिंतीवर ती गोळी पसरताना तिचं अंग थरथरतं. त्या थरथरीने चिखल सैल होऊन नीट बसतो, आणि त्याचाच आवाज आपल्याला मंत्र म्हटल्यासारखा ऐकू येतो. ही जात अळ्या नेत नाही, कोळी नेते. मुलाला म्हणावं, बाहेर पडल्याचं भोक असलेलं, म्हणजे रिकामं झालेलं घरटंच फोड. आत कोळ्यांचे पाय सापडले तर घर हिचं होतं.

घरट्याभोवती कधी झगझगीत निळी-हिरवी माशी घोटाळताना दिसेल. ती फुकटी आहे. कुंभारणीच्या घरात ती चोरून अंडं घालते आणि तिचं पिल्लू कुंभारणीच्या पिल्लाच्या जिवावर वाढतं. पकडली तर अंग मुडपून गोळा होते. शिकाऱ्याच्या घरातही परजीवी शिरतो.

घरटी पाडू नका. कुंभारीण गांधीलमाशीसारखी घोळक्याने अंगावर येत नाही, हातात दाबली तरच डसते. तुमच्या परसातल्या कितीतरी अळ्या ती उचलून नेते. विजेच्या बोर्डात किंवा पंपाच्या पाइपात माती भरली असेल तर ती मात्र काढायलाच हवी.

प्रश्न : न्हाणीमागच्या अळूवर, शेपटीला काटा असलेली मोठी अळी आहे. तिने पाठीवर तांदळाच्या दाण्यांएवढी पांढरी अंडी घातली आहेत. पान तोडून जाळू का?
– एक वाचक, वेंगुर्ले

उत्तर : कृपा करून जाळू नका! अळी कधीच अंडी घालत नाही, ते काम मोठेपणी पतंगाचं. ते दाणे म्हणजे कोष आहेत. एका इवल्याशा माशीने या अळीच्या अंगात अंडी टोचली. पिल्लं आतल्या आत तिला खात वाढली, कातडी भेदून बाहेर आली आणि तिथेच त्यांनी रेशमाचे कोष विणले. उवा-गोचीड रक्त पितात, पण सहसा जीव घेत नाहीत. हे परजीवी मात्र शेवटी मारतातच. तुमची अळी आता अळू खाणार नाही, चार दिवसांत मरेल. पानासकट ती बरणीत ठेवा, तोंडाला मलमलचं फडकं बांधा. कोषांची टोकं झाकणासारखी उघडून माश्या निघाल्या की बरणी अळूतच मोकळी करा, म्हणजे त्या पुढच्या अळ्या शोधतील.