मार खाणारी बाईच नवऱ्याची बाजू का घेते?

तुम्ही लिहिलंय की शेजारच्या वहिनींना नवरा मारत होता म्हणून तुम्ही पोलिसांना फोन केला. पोलीस आल्यावर वहिनी तुमच्यावरच उलटल्या, "हे लोक आमच्या घरात काड्या घालतात" म्हणाल्या. आणि आता तुम्ही विचारताय की हाच तो स्टॉकहोम सिंड्रोम का.

नाही. 1973 साली स्टॉकहोमच्या एका बँकेत चार जणांना सहा दिवस ओलीस ठेवलं होतं आणि ते ओलीस ठेवणाऱ्यांचीच बाजू घ्यायला लागले, त्यावरून ते नाव पडलं. त्या चौघांना सुटल्यावर जायला आपापलं घर होतं. तुमच्या वहिनींना कुठलं घर आहे ते आधी सांगा, मग सिंड्रोमचं बघू.

मला माझ्या सख्ख्या बहिणीनं असंच भर दवाखान्यात तोंडघशी पाडलंय. अक्का इचलकरंजीला दिलेली. दाजींचे स्वतःचे यंत्रमाग, घरदार बरं, आणि दारू पीत नाहीत. हे शेवटचं आमची आई अजूनही सर्टिफिकेट दाखवावं तसं सांगते. एकदा शेजारणीचा फोन आला म्हणून मी गेले, तर अक्काच्या कानातून रक्त येत होतं आणि त्या बाजूनं बोललेलं तिला ऐकू येत नव्हतं. सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टर मुलगी अगदी तरुण होती. तिनं कानात बघितलं, पडदा फाटलाय म्हणाली, आणि हळूच विचारलं, "कुणी मारलं का?" दाजी दारातच उभे. अक्काच्या गालावर चार बोटं लख्ख उमटलेली, आणि ही सांगते, कान कोरताना काडी लागली.

मी म्हणाले, डॉक्टर, खोटं बोलतेय ती. मग केसपेपरवर एमएलसीचा, म्हणजे पोलिसांना कळवायच्या केसचा, शिक्का पडला, ड्युटीवरचे हवालदार जबाब घ्यायला आले. त्यांच्यासमोर अक्का म्हणाली, "साहेब, ही नोकरीवाली आहे, हिला कुणाचं ऐकून घ्यायची सवय नाही. हिला आमचा संसार बघवत नाही." हवालदारांना हायसं वाटलेलं स्पष्ट दिसत होतं. 'माझी कुणाविरुद्ध काही तक्रार नाही' हे वाक्य त्यांना पाठच होतं, अक्कानं त्याखाली शाळेतल्या वळणदार अक्षरात सही केली. बाहेर आल्यावर दाजींनी तिला शहाळं घेऊन दिलं, आधी स्वतःच्या रुमालानं तिची मान पुसली. डटन आणि पेंटर या दोन मानसशास्त्रज्ञांनी 1981 मध्ये यावरच लिहिलंय: मार आणि माया आलटून पालटून मिळत राहिली की माणूस तुटत नाही, उलट जास्त चिकटतो. पण शहाळ्यावर सगळं ढकलणाऱ्यांनी त्या रात्रीचं स्वयंपाकघर बघितलेलं नाही.

भाकरी थापता थापता अक्का माझ्याकडे न बघता म्हणाली, "तू सकाळच्या यष्टीनं जाशील. केस केली तर ह्यांना किती दिवस आत ठेवतील? सुटून येणार कुठं? हितंच. मग मी कुठं जाऊ? दादाकडं?"

हे तुमच्या प्रश्नाचं उत्तर आहे. पोलिसांची गाडी पाच मिनिटांत जाते, नवरा तिथंच असतो. त्याच्यासमोर त्याची बाजू घेणं हा त्या रात्रीपुरता सगळ्यात स्वस्त बचाव आहे. तिचा हिशोब चुकत नाही. बायकोच्या छळाच्या 498अ कलमात (आता भारतीय न्याय संहितेचं कलम 85) शिक्षा तीन वर्षांपर्यंत आहे, पण सर्वोच्च न्यायालयाच्या 2014 च्या अर्नेश कुमार निकालानंतर या कलमात सरसकट अटक करता येत नाही. बऱ्याचदा तो हातात नोटीस घेऊनच घरी येतो.

आणि "दादाकडं?" हा प्रश्न तिनं उगाच विचारला नव्हता. बाबा गेल्यावर सातबाऱ्यावर आम्हा तिघांची नावं लागली. हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला, हे आमच्या गावात सगळ्यांना माहीत आहे, म्हणूनच तर हक्कसोडपत्राची एवढी घाई असते. "माहेर तुटू नये" म्हणून अक्कानं दुय्यम निबंधकांच्या ऑफिसात जाऊन सही केली. बदल्यात साडी आणि पुरणपोळीचं जेवण. मी केली नाही. दादा माझ्याशी त्यावरून आजही धड बोलत नाही. मग कानाच्या प्रकरणानंतर मी त्याला म्हणाले, अक्काला चार महिने आण. तर म्हणतो, "तिचीच तक्रार नाही, तर आपण मध्ये का पडायचं? तिला तिथंच बरं वाटतंय." आई म्हणाली, सासूला उलट बोलली असेल. आईचं नवल नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (2019-21) सात कारणं विचारली होती, त्यातल्या एखाद्या तरी कारणासाठी नवऱ्यानं मारणं योग्य आहे असं 45 टक्के बायकांनीच सांगितलं. सासरच्यांचा मान न ठेवणं हे त्यात सगळ्यात वर.

दादा, तू हे वाचशील, तुझी पोरगी दाखवेलच. अक्काला तिथं बरं वाटत नव्हतं. भाच्याला चाकणला नोकरी लागली, त्यानं एक खोली भाड्यानं घेतली, आणि त्याच महिन्यात ती कपड्यांची पिशवी घेऊन निघाली. तिथं गेल्यावर तिनं मला फोनवर एकेक प्रसंग सांगितला, कुठला सण होता, कुठली साडी होती त्यासकट. इतकी वर्षं 'काडी लागली' म्हणणारी बाई. खोली तू दिली असतीस तर हे पंधरा वर्षं आधी ऐकलं असतं.

तेव्हा ज्यांना बहीण आहे त्यांनी सिंड्रोम वाचत बसू नये. तिच्याकडून हक्कसोडपत्र घेऊ नका, घेतलं असेल तर निदान घरात तिची एक खोली ठेवा. आणि बायकांनो, साडीवर सही करू नका.

आता थोडं सांभाळून. सगळ्याच जणी हिशोबानं गप्प बसत नाहीत. अक्का अजूनही वटपौर्णिमेला दाजींसाठी वडाला सूत गुंडाळते, हे माझ्या कुठल्याच म्हणण्यात बसत नाही. काहींचा जीव खरंच असतो, काहींना मुलांची, पोरीच्या लग्नाची भीती. मी वकील नाही. पण घर सोडल्याशिवाय काही होत नाही हे खरं नाही. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात घर नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर असलं तरी तिला तिथं राहण्याचा हक्क आहे, आणि कोर्ट नवऱ्यालाच बाहेर राहायला सांगू शकतं. अर्ज संरक्षण अधिकाऱ्यामार्फत करता येतो, फौजदारी केस केलीच पाहिजे असं नाही. 181 या महिला हेल्पलाइनवर फोन केला तर पुढचं सांगतात.

तुम्ही वहिनींशी बोलणं तोडू नका. नवरा कामावर गेल्यावर भेटा, पोलिसांचा विषय काढू नका, रात्री दार वाजवलं तर उघडेन एवढं सांगा. जमणार असेल तरच सांगा. मात्र त्यानं गळा दाबल्याचं कळलं, किंवा पोरांवर हात गेला, तर तिला विचारत बसू नका, 112 लावा. परत उलटली तर उलटू दे.