स्टॅट मेकमध्ये संशोधनाला विषय कुठून आणायचा?

तुमचा प्रश्न असा, की एम.एस्सी. झालंय, स्टॅटिस्टिकल मेकॅनिक्स (असंख्य कण मिळून कसे वागतात याचा अभ्यास, म्हणजेच स्टॅट मेक) आवडतं, पण सगळं आधीच कुणीतरी सोडवून ठेवलंय. मग नवीन करायचं काय?

पीएचडीच्या पहिल्या वर्षी याच विवंचनेत मी पेपरांचे गठ्ठे वाचत बसलो होतो. हाती काही लागलं नाही. माझा अनुभव असा, की एखादं लहानसं मॉडेल स्वतः सोडवायला घेतलं की विषय सुचतो.

बहुतेक जण आयसिंग मॉडेल (चुंबकाचं साधं गणिती मॉडेल) सांगतील. चांगलंच आहे.

मी मात्र वाळूचा ढीग घ्या म्हणेन. बाक, टँग आणि वीझनफेल्ड या भौतिकशास्त्रज्ञांचं हे १९८७ सालचं मॉडेल. चौकटींची जाळी घ्यायची, कुठेही एकेक दाणा टाकत जायचा. एखाद्या चौकटीत चार दाणे झाले की तिने चारही शेजाऱ्यांना एकेक द्यायचा, म्हणजे ती कोसळली. कडेला शेजारी नसेल तिथला दाणा बाहेर सांडतो. त्याने शेजारच्या चौकटीत चार झाले की तीही कोसळते; म्हणून कधी काहीच घडत नाही, कधी अख्खी जाळी ढवळून निघते. मुंबईच्या टीआयएफआर या मूलभूत संशोधन संस्थेतल्या दीपक धर यांनी १९९० साली दाखवलं, की चौकटी कुठल्याही क्रमाने कोसळू द्या, शेवटची स्थिती तीच येते. ऐकायला किरकोळ वाटतं, पण त्यामुळे या मॉडेलमधलं बरंच काही संगणकाशिवाय, नेमकं काढता येऊ लागलं. स्टॅट मेकमधला मोठा सन्मान असलेलं २०२२ चं बोल्ट्झमन पदक मिळालेल्या दोघांपैकी धर एक.

पुढचा प्रश्न नियमातच दडलेला होता: दाणे ठरलेल्या शेजाऱ्यांऐवजी नाणेफेक करून वाटले तर? हे मन्ना यांचं १९९१ चं मॉडेल. त्यावर पुढे कितीतरी काम झालं. मला तर ही युक्ती सगळ्यात भरवशाची वाटते. एकच नियम बदला आणि आधीच्या सिद्धतेची कुठली पायरी मोडते ते बघा.

आज रात्री कागद घेऊन २ × २ ची जाळी करा. स्थिर स्थिती (कुठल्याच चौकटीत चार दाणे नाहीत अशा) २५६ आहेत, पण दाणे टाकत राहिल्यावर पुन्हा पुन्हा येऊ शकणाऱ्या फक्त १९२. उरलेल्या ६४ का गळतात? शेजारशेजारच्या दोन चौकटी एकदम रिकाम्या होऊ शकतील का, इथून सुरुवात करा. अडलात तर खाली लिहा.