नाव आवडतं, पण आडनावाला शोभत नाही

"मॅडम, नाव आवडलंय, पण आडनावाला शोभत नाही." माझ्याकडे सल्ल्याला येणाऱ्या नव्या आईबाबांकडून हे इतक्यांदा ऐकलंय की हल्ली मी आडनाव नंतर विचारते. आधी विचारते, नाव सुचवलं कुणी आणि खोडलं कुणी. मुलगी असली की आणखी एक शेपूट असतं: "पुढे आडनाव बदललं तर?" आज जे आहे तेच धरून चला. बदलायचं की नाही, ते तिचं ती ठरवेल.

एका जोडप्याचं आडनाव काळे होतं असं धरू. तिला 'गौरी' हवं होतं. त्याच्या मोबाइलमध्ये लांबलचक यादी, प्रत्येक नावापुढे शेरा. अनिका: 'का-का' होतं. रेवा: फार छोटं. गौरी: अशक्य.

"गोरी काळे म्हणतील लोक," तो म्हणाला.

"कोण लोक?"

"सगळेच. शाळेत."

"कुणाच्या शाळेत?"

तो गप्प झाला. मग एकेक निघत गेलं. हजेरीत आडनाव आलं की मागच्या बाकांवरून येणारे आवाज, रंगावरून चिडवणं, पार दहावीपर्यंत. बायको हे पहिल्यांदाच ऐकत होती.

"मला वाटलं, मी सुचवलं म्हणून तू नको म्हणतोयस," ती म्हणाली.

नावाच्या वादात मी आधी जुनं दुखणं शोधते, आणि बहुतेकदा ते सापडतं, हे थोड्या अभिमानानेच सांगते. हा बाबा मुलीसाठी नाव शोधतच नव्हता, आपल्या आडनावावर घालायला पांघरूण शोधत होता. तसलं नाव कुठेच मिळत नाही, म्हणून याद्या वाढत जातात.

पुढच्या वेळी गंमत झाली. ती म्हणे, गौरी नको. तो म्हणे, गौरीच ठेवू. शेवटी तेच ठेवलं. मी होऊन ते सुचवलं नसतं. पण कुणी चिडवलं तर मुलीशी काय बोलायचं, हे त्या दोघांनी माझ्यासमोर ठरवलं होतं, त्यामुळे मला काळजी वाटली नाही.

कानाला खटकतं तेही खोटं नसतं. नावाचा शेवटचा उच्चार आणि आडनावाचा पहिला एकच असेल तर जीभ अडखळते. 'मीरा आपटे' भरभर म्हटलं की 'मीरापटे' होतं. आडनाव लांब असेल तर दोन अक्षरी नाव सुटसुटीत वाटतं, आखूड आडनावाला 'अनुराधा'सारखं मोठं नावही चालतं. आडनाव आधी घेऊनही म्हणून पाहा, बऱ्याच याद्यांत ते तसंच येतं. एवढी परीक्षा पुरे.

बाकीचं सवयीने होतं. 'लता मंगेशकर' यापेक्षा शोभणारं काय असेल? पण त्यांचं जन्मनाव हेमा, आणि मंगेशकर हे आडनाव वडील दीनानाथांनी मंगेशी गावावरून घेतलेलं.

यादी अजून लांबच असेल तर तीनच नावं ठेवा आणि बाळाला दोन-दोन दिवस एकेका नावाने हाक मारा. तुम्ही दमलेले असताना, रात्री, बाळ रडत असताना तोंडात कुठलं येतं ते पाहा. आणि नातेवाइकांना यादी दाखवू नका. ठरलेलं नाव कळवा.