स्टुडिओत कोणाचे ऐकावे?

मुंबई

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. अर्बन डिझाइनच्या, म्हणजे शहररचनेच्या, एम. आर्क.ला तुला प्रवेश मिळाल्याचे तुझ्या आईने फोनवर सांगितले, आणि तुला पडलेला प्रश्नही तिने माझ्यापर्यंत पोहोचवला. रेखाटनांच्या एकाच शीटवर चार शिक्षक चार निराळी मते देतात असे वरच्या वर्गातली मुले सांगतात, मग ऐकायचे कोणाचे? मला हा प्रश्न फोनवर आटपायचा नव्हता, म्हणून सवडीने लिहिते आहे.

बी. आर्क.च्या पाच वर्षांत तुला बहुतेक वेळा एक भूखंड मिळत असे. त्याला हद्द असे आणि एक कल्पित मालक असे. इथे हद्द तुलाच ठरवावी लागेल, आणि तिच्या आत महापालिका, रेल्वे, म्हाडा, पागडीने राहणारे भाडेकरू, फूटपाथवर बसणारी भाजीवाली असे अनेकजण आपापला हक्क धरून बसलेले असतील. या सगळ्यांच्या बाजूने एकट्या शिक्षकाला विचार करता येत नाही. स्टुडिओत, म्हणजे रचनेच्या वर्गात, वास्तुरचनाकार, नियोजनकार, इतिहासाचे अभ्यासक आणि समाजशास्त्राचे जाणकार एकत्र बसतात ते त्यासाठीच. हा विषय मुळातच तसा घडला आहे. 1956 मध्ये हार्वर्डला वास्तुरचनाकार जोसेप लुईस सर्ट यांनी परिषद बोलावली, ती वास्तुरचना, नियोजन आणि भूदृश्यरचना यांची माणसे एका ठिकाणी आणण्यासाठी, आणि 1960 मध्ये तिथे अर्बन डिझाइनचा अभ्यासक्रम सुरू झाला. आपल्या मुंबईने त्याच्याही आधी याची चुणूक पाहिली होती. 1919 मध्ये मुंबई विद्यापीठात नागरिकशास्त्र आणि समाजशास्त्र शिकवायला आलेले पॅट्रिक गेडिस हे मूळचे जीवशास्त्राचे अभ्यासक. गल्लीबोळांतून पायी हिंडून आधी शहराचे रोगनिदान करावे आणि उपचार मग सुचवावा, हा त्यांचा आग्रह होता.

परळचे उदाहरण घे, कारण तुझ्या पहिल्या सत्रात गिरणगाव येण्याची शक्यता बरीच आहे. समजा, तू एका बंद गिरणीच्या जागेवर मोठे उद्यान आणि त्याच्या कडेला कार्यालये दाखवलीस. नियमांची जाण असलेले शिक्षक तुला विचारतील, उद्यानाची ही जमीन आली कुठून? 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या 58 व्या नियमानुसार मोठ्या गिरण्यांची जमीन ढोबळमानाने तीन भागांत वाटली जायची होती: एक मोकळ्या जागांसाठी महापालिकेला, एक घरांसाठी म्हाडाला आणि एक मालकाला. 2001 मध्ये नियम बदलला आणि वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती उरली. गिरणीच्या आवारात बांधकामच जास्त असते, तेव्हा शहराच्या वाट्याला काय आले असेल ते तूच काढून पाहा. 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा बदल कायम ठेवला. नियमातल्या एका शब्दाने नकाशावरचा हिरवा रंग कसा पुसला जातो, हे त्या शिक्षकांकडून शीक.

इतिहास शिकवणाऱ्या बाई त्याच शीटवर बोट ठेवून विचारतील, गिरणी आणि चाळ यांच्यामधला हा रस्ता तू का बुजवलास? आणि तिसरे कोणी तरी विचारतील, या कार्यालयांतली माणसे स्टेशनवर कोणत्या वाटेने जाणार? हा तिसरा प्रश्न वरवर साधा दिसतो, पण मला तो सर्वांत जड वाटतो. 1996 मध्ये वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांच्या समितीने गिरण्यांच्या जमिनींचा एकत्रित विचार मांडला होता, तो अमलात आला नाही. एकेक गिरणी स्वतंत्रपणे बदलत गेली, कामगारांच्या जागी कार्यालयांतली गर्दी आली, आणि परळ व एल्फिन्स्टन रोड (आताचे प्रभादेवी) या दोन स्टेशनांना जोडणारा पादचारी पूल अरुंदच राहिला. 29 सप्टेंबर 2017 ला सकाळी पावसात त्याच्या जिन्यावर चेंगराचेंगरी झाली आणि 23 माणसे गेली. प्रत्येक भूखंडाचा नकाशा रीतसर मंजूर झालेला असू शकतो आणि तरीही दोन भूखंडांमधून चालणाऱ्या माणसाचा विचार कोणीच केलेला नसतो. ती मधली जागा हा तुझ्या विषयाचा गाभा आहे.

आता तुझ्या लक्षात येईल की या तिघांनी परस्परविरोधी हुकूम दिलेले नाहीत. त्यांनी तीन वेगळे प्रश्न विचारले आहेत, आणि ते कधी कधी एकमेकांच्या आड येतात. रस्ता राखला तर उद्यान लहान होते, पूल रुंद केला तर कोणाची तरी दुकाने जातात. त्यांतले कशाला झुकते माप द्यायचे हे ठरवणे तुझे काम आहे, आणि ते का दिले हे तुला शीटवर दाखवता आले पाहिजे. मुलांची गफलत मला बहुतेक वेळा इथेच दिसते. मंगळवारी एका सरांनी सांगितले म्हणून इमारती उंच करायच्या, शुक्रवारी दुसऱ्यांनी नाक मुरडले म्हणून त्या खाली आणायच्या, आणि ज्युरीच्या, म्हणजे परीक्षकांपुढे काम मांडण्याच्या, दिवशी स्वतःचे असे काही हाती उरलेले नसते.

मी विद्यार्थिनी असताना दादर स्टेशनच्या पश्चिमेचा एक रस्ता आमच्या गटाकडे होता. रविवारी दुपारी मोजमाप करून मी त्याचा सुरेख छेद, म्हणजे रस्ता आडवा कापून दाखवणारे रेखाटन, काढला होता, आणि एका शिक्षकांनी तो वर्गात कौतुकाने दाखवलाही. दुसऱ्या सरांनी तो शांतपणे पाहिला आणि एवढेच विचारले, “पहाटे हा रस्ता किती रुंद असतो?” मला प्रश्नच कळला नाही. दुसऱ्या दिवशी पहिल्या लोकलने गेले, तर फुलबाजाराच्या करंड्या आणि गोणी यांच्यामधून कशीबशी दोन माणसे जातील एवढीच वाट उरली होती. त्या आठवड्यात मी त्याच रस्त्याचे पहाटे, दुपारी आणि रात्री असे तीन छेद काढले. रस्त्याची रुंदी घड्याळाप्रमाणे बदलते, हे मला त्या प्रश्नामुळे समजले. त्या सरांनी माझ्या शीटवर पेन्सिलही टेकवली नव्हती.

म्हणून शिक्षकांकडे पक्की, संगणकावर रंगवलेली शीट घेऊन जाऊ नकोस. तशी शीट पाहिली की बोलणारा रंगावर आणि मांडणीवर बोलतो. बटर पेपरवरचे कच्चे रेखाटन ने, कापलेल्या पुठ्ठ्याचे, सहज हलवता येईल असे मॉडेल ने, आणि बसताच तुझे नेमके कुठे अडले आहे ते सांग. “कसे वाटते?” असे विचारलेस तर मोघम उत्तर मिळेल. “या वळणावर दुकाने ठेवली तर मागच्या चाळीचा उजेड जातो, आणि न ठेवली तर रस्ता संध्याकाळनंतर ओस पडतो” असे म्हणालीस, तर समोरचा माणूस खुर्ची पुढे ओढून बसेल.

आठवड्यातून एखाद्याच दिवशी येणाऱ्या व्हिजिटिंग शिक्षकांचा दिवस चुकवू नकोस. ते दिवसभर कार्यालयात म्हाडाच्या फायली, सोसायट्यांच्या सभा आणि अभियंत्यांची पत्रे यांच्याशी झगडून आलेले असतात, आणि चटई क्षेत्राचे, म्हणजे भूखंडावर किती बांधता येते त्याचे, आकडे प्रत्यक्षात इमारतीला कसा आकार देतात हे त्यांच्याइतके नेमके क्वचितच कोणी सांगू शकेल. पूर्ण वेळ शिक्षकांची गोष्ट निराळी असते. त्यांनी तुझे काम पहिल्या दिवसापासून पाहिलेले असते, त्यामुळे तू कुठे स्वतःचीच वाट सोडलीस हे त्यांच्या लक्षात येते. दोघांकडे एकच गोष्ट मागू नकोस.

एक वही मात्र कर. डाव्या पानावर कोणी काय विचारले ते त्यांच्याच शब्दांत, तारखेसह लिहून ठेव. उजवे पान दोन दिवस कोरे ठेव, आणि मग तू काय मानलेस, काय मानले नाहीस आणि का, ते लिही. ज्युरीत एखादा प्रश्न तुला बोचला, तर तोही त्याच रात्री डाव्या पानावर उतरव, उत्तर सुचलेले नसले तरी. दुसऱ्या वर्षी प्रबंधाचा विषय शोधायला बसशील तेव्हा आधी ही कोरी राहिलेली उजवी पाने उघड.

पहिली ज्युरी झाली की एखाद्या रविवारी वही घेऊन घरी ये. शीट आणली नाहीस तरी चालेल. त्याआधी एकदा सकाळी दहाच्या सुमारास परळला उतर, पूल ओलांडून प्रभादेवीला जा, आणि परत येण्याआधी तिथल्या रस्त्यावर थोडी हिंड. काय दिसले ते मला ऐकायचे आहे.

तुझी,
मावशी