हातात पानं जास्त, तरी हार

प्रश्न : काकू, मी इंदूरला बी. कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. हार्थस्टोन हा फोन-कॉम्प्युटरवरचा पत्त्यांचा खेळ तीन वर्षं खेळतोय. गेल्या महिन्यात रोग (Rogue) या हीरोचा एक उलटा डेक, म्हणजे खेळायची गड्डी, बांधला. समोरच्याला थेट मारायचंच नाही, त्यालाच भराभर पानं ओढायला लावायची आणि त्याची गड्डी संपवायची. याला ‘मिल’ म्हणतात. दादा हसतो. म्हणतो, शत्रूला फुकट पानं वाटणारा तू पहिलाच. पंचवीस डावांत सात जिंकलो. डेक मोडून डस्ट (नवी पानं बनवायला लागणारा चुरा) करू की चिकाटी धरू?
— एक वाचक, राजेंद्रनगर

उत्तर : दादाला विचार, तो झब्बू कधी खेळलाय का? मे महिन्यात रामबागेतल्या वाड्यात आम्ही आठ-आठ पोरं झब्बूला बसायचो. सगळे इस्पिक टाकताहेत आणि एखाद्याकडे इस्पिक नाही, की त्यानं दुसऱ्याच रंगाचं पान आपटायचं. मग त्या हाताला ज्याचं इस्पिक सगळ्यांत मोठं, त्यानं सगळी पानं उचलायची. शेवटी ज्याच्या हातात पानं उरली तो गाढव. माझी आत्या आपल्याला पानं देताना इतकी प्रेमळ हसायची की तेव्हाच पोटात गोळा यायचा. तुझा डेक आत्याच्या घराण्यातला आहे. त्यात वेडेपणा काही नाही.

नावाचंही सांगून टाकते, कारण इंदूरच्या माणसाला मिल म्हटलं की मालवा मिलचा चौक आठवतो. इथे कापडाशी संबंध नाही, जात्याशी आहे. १९९४ साली ‘मॅजिक : द गॅदरिंग’ या कागदी पत्त्यांच्या खेळात ‘मिलस्टोन’ नावाचं पान आलं, म्हणजे जात्याचा दगड. ते गड्डीतली वरची दोन पानं थेट बाद करायचं. तिथून गड्डी दळून संपवण्याला मिल म्हणू लागले. (आणि ‘रोगचा डेक’ हे शब्द घरात मोठ्यानं बोलू नकोस. आमच्या ह्यांनी पहिल्या दिवशी काळजीनं विचारलं होतं, कसला रोग?)

आता हिशोब. तीस वर्षं बँकेत कॅशवर बसले, त्यामुळे मोजल्याशिवाय मला चैन पडत नाही. हार्थस्टोनमध्ये हातात दहाच पानं मावतात, अकरावं आलं की जळतं. गड्डी रिकामी झाली की पुढच्या प्रत्येक ओढीला मार बसतो : पहिल्या ओढीला १, मग २, मग ३, असा चढत. सात ओढींचे २८, आठवीला ३६. हीरोचा जीव ३० चा. तुझं ‘कोल्डलाइट ऑरॅकल’ हे पान दोघांनाही दोन-दोन पानं ओढायला लावतं. समोरच्याची गड्डी संपल्यावर एक ऑरॅकल टाकलास की १ आणि २, मग त्याची स्वतःची ओढ ३. दुसरा ऑरॅकल ४ आणि ५, त्याची ओढ ६. झाले २१. तिसऱ्या ऑरॅकलवर ७ आणि ८, आणि गडी आडवा. ‘गँग अप’ याच साठी : ते ऑरॅकलच्या तीन नकला तुझ्या गड्डीत घालतं, म्हणजे हत्यारही मिळतं आणि तुझी गड्डीही त्याच्यानंतर संपते.

मग पंचवीसात सातच का? तू लिहिलं नाहीस, पण मी पैज लावते की तू ऑरॅकल तिसऱ्या फेरीला टाकतोस. तीन मॅना (पान टाकायला खर्च होणारी शक्ती) आहेत, तीन मॅनाचं पान आहे, टाकलं! मीही पहिले पंधरा दिवस हेच केलं. समोर हंटर हा झटपट मारणारा हीरो, त्याच्या हातात दोन पानं उरलेली, बिचारा दमत आलेला, आणि मी त्याला आणखी दोन वाढली. पाचव्या फेरीला मी मेलेली. भराभर पानं टाकणाऱ्याचा हात कायम रिकामा असतो, त्याच्या हाताला आग लागणारच नाही. तुझ्या दादाचं हसणं तेवढ्यापुरतं खरं आहे.

हा डेक चालतो तो साठवणाऱ्यांवर. प्रीस्ट हा हीरो घे. ‘पुढे उपयोगी पडेल’ म्हणून नऊ पानं उराशी धरून बसलेला असतो. त्या वेळी ऑरॅकल टाकलास की त्याचं एक पान हातात, एक राख. ‘ब्रॅन ब्राँझबिअर्ड’ हे पान आधी मांडलेलं असेल तर ऑरॅकलचा परिणाम दोनदा होतो : चार ओढी, तीन पानं राख. हात दहावर भरलेला असताना ‘सॅप’नं त्याचा पटावरचा मोठा मोहरा त्याच्या हातात परत पाठवलास तर जागाच नाही, तो मरतो. ‘व्हॅनिश’ तर अख्खा पट परत पाठवतं. म्हणून त्याचा पट नंतर बघ, आधी त्याच्या हातातली पानं मोज. आठच्या खाली असतील तर ऑरॅकल खिशात.

वॉरियर हा हीरो मात्र साठवणारा असूनही सांभाळ. तो चिलखत चढवत जातो, तेव्हा तुझे ३६ पुरतीलच असं नाही. तिथे त्याची महत्त्वाची पानं कोणती जळली यावर लक्ष ठेवावं लागतं. आणि स्वतःचा हातही मोज रे. मी एकदा उत्साहात दहा पानं हातात असताना ऑरॅकल टाकला आणि माझंच गँग अप डोळ्यांदेखत जळालं. भाचा फोनवर इतका हसला की मी दोन दिवस त्याचा फोन घेतला नाही.

आणखी एक. ऑरॅकल २०१८ साली स्टँडर्डमधून, म्हणजे ठरावीक संचांचीच पानं चालणाऱ्या प्रकारातून काढला, म्हणून तू वाईल्डमध्येच, म्हणजे जुनी पानंही चालतात तिथे, खेळत असणार. तिथे झटपट मारणारे डेक भेटणारच. तेव्हा पंचवीसांपैकी सात हा आकडा मला काहीच सांगत नाही. वहीत दोन रकाने कर, साठवणारे आणि मारणारे, आणि सात कुठल्या रकान्यात पडले ते बघ. पहिल्या रकान्यात अर्ध्याहून जास्त जिंकला असशील तर डेक ठीक आहे, फक्त तो रोजच्या जेवणाचा नाही.

डस्टचं तर सरळ गणित आहे. ऑरॅकल मोडून २० मिळतील, परत बनवायला १०० लागतील. ब्रॅन मोडून ४००, बनवायला १६००. असा सौदा सराफ्यात कुणी केला तर घरचे दार उघडायचे नाहीत. मोडू नकोस, बाजूला ठेव.

दादा कुठला डेक खेळतो ते तू सांगितलंच नाहीस. हंटर असेल तर त्याच्यासमोर हा काढूच नकोस, हसू दे. प्रीस्ट असेल तर गप्प बस, त्याचा हात नऊ होऊ दे.