आधी हिशोब, मग नावं

प्रिय मुली,

तुझी मेल वाचली. एवढ्या लांबलचक मेलमध्ये नायट्रोजनबद्दल जेमतेम एक परिच्छेद आहे. बाकी सगळं सर काय म्हणाले, शेजारच्या टेबलावरच्या मुलाचा पेपर कुठे लागला आणि हिंजवडीहून नोकरीचा फोन आला तर घ्यावा की नाही, याबद्दल. मी त्या एका परिच्छेदाबद्दल लिहिणार आहे.

बंडगार्डनजवळचं मुळा-मुठेचं पाणी आणून तू एनरिचमेंट लावलीस, म्हणजे अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे त्यातले जीवाणू फ्लास्कमध्ये वाढवायला घेतलेस. अमोनिया उतरत गेला, नायट्राइटचा गुलाबी रंग थोडे दिवस दिसून गेला, आणि नायट्रेट मात्र नाहीच. सर म्हणतात, सीक्वेन्सिंगला पाठव, डीएनए वाचून कोणता जीवाणू आहे ते कळलं की पेपर होतो. तू विचारतेस, 'मॅडम, पाठवू का?'

नको पाठवू. आधी हिशोब जुळव. फ्लास्कमध्ये जितका नायट्रोजन घातलास तितका बाहेर काढून दाखव. नसेल दाखवता येत, तर किती हरवला आणि कुठल्या वाटेने गेला ते सांग. तोवर कोण आहे हे विचारायचंच नाही.

आता जरा बारकाईने. तुझा पीएच ८.५ आहे, तापमान ३० अंश. या परिस्थितीत एकूण अमोनियाचा साधारण पाचवा हिस्सा आयन म्हणून राहत नाही, विरघळलेला वायू होऊन बसतो, आणि तू तो फ्लास्क कापसाचा बोळा लावून शेकरवर फिरवतेस. तो उडणार नाही तर काय करणार! मेलेल्या जीवाणूंचा, म्हणजे तेच पाणी ऑटोक्लेव्हमध्ये वाफेने निर्जंतुक करून, पीएच पुन्हा जुळवून, त्यात तेवढाच अमोनिया घातलेला फ्लास्क शेजारी ठेवला होतास का? तुझ्या तक्त्यात तो नाही. त्याच्याशिवाय 'अमोनिया खाल्ला' असं लिहायचा अधिकार तुला नाही, मलाही नाही.

दुसरं, नायट्रेट. तुमच्याकडे अजून फिनॉल डायसल्फॉनिक आम्लाची जुनी पद्धत वापरत असाल, तर पाण्यात क्लोराइड असलं की नायट्रेट कमी दिसतं. पिवळा रंग फिका येतो. शहराचं सांडपाणी मिसळलेल्या नदीत क्लोराइड असणारच. ते काढायला सिल्व्हर सल्फेट लागतं, आणि ते महाग म्हणून सगळ्यात आधी त्यालाच फाटा मिळतो. नमुन्यात माहीत असलेलं नायट्रेट मिसळून बघ आणि परत किती हाती लागतं ते मोज. निम्मंच आलं तर गुन्हेगार पद्धत आहे, बिचाऱ्या जीवाणूंना कशाला धरतेस?

तिसरं, गुरुवार. हसू नकोस. पुण्यात गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते हे इथल्या प्रत्येक लॅबला पाठ आहे, पण शेकर थांबल्याची नोंद वहीत कोणी करत नाही. शेकर थांबला की गाळ तळाशी बसतो आणि त्यातला ऑक्सिजन बघता बघता संपतो. अमोनिया ऑक्सिडाइझ करणारे गप्प बसतात, आणि नायट्रेटवर श्वास घेणारे कामाला लागतात. आठवडाभर जमवलेलं नायट्रेट ते दुपारपर्यंत पार कमी करून टाकतात. तुझी रीडिंग कुठल्या वारी घेतली आहेत ते बघ.

आणि एक स्वस्त साक्षीदार आहे, त्याला कोणी बोलवत नाही. एक ग्रॅम अमोनिया-नायट्रोजन नायट्रेटपर्यंत गेला की ४.५७ ग्रॅम ऑक्सिजन लागतो आणि कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशोबात ७.१४ ग्रॅम अल्कलिनिटी, म्हणजे पाण्याची आम्ल झेलण्याची ताकद, खर्च होते. ब्युरेट घे, टायट्रेशन कर. पूर्ण घट दिसली तर नायट्रेट झालं होतं आणि तू ते मोजू शकली नाहीस. निम्मीच घट दिसली तर दोन शक्यता: अमोनिया नुसता उडाला, किंवा नायट्रेट होऊन पुढे वायू झाला. या दोघांत टायट्रेशन फरक करू शकत नाही, तिथे तो मेलेला फ्लास्कच बोलतो. (माध्यमात खडूची भुकटी घातली असशील तर ही वाट बंद. ती आम्ल गिळत राहते. बायकार्बोनेट वापर.)

एवढं का ताणते आहे मी? कारण आपल्या विषयातल्या मोठ्या गोष्टी अशाच सापडल्या आहेत. ऑक्सिजन नसताना अमोनिया आणि नायट्राइट मिळून नायट्रोजन वायू देणारा जीवाणू असायला हवा, हे शास्त्रज्ञ ब्रोडा यांनी १९७७ साली निव्वळ ऊर्जेच्या गणितावरून मांडलं. पुढे नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या यीस्ट कारखान्याच्या सांडपाण्यावर चालणाऱ्या रिअॅक्टरमध्ये अमोनिया नाहीसा होताना दिसला, नायट्रेटही त्याच्याबरोबर, आणि वायू वाढला. कोणीतरी ताळेबंद मांडला म्हणून ते दिसलं. १९९५ साली ते छापून आलं. तो जीवाणू कोण, हे कळायला १९९९ उजाडलं. आधी हिशोब, मग नाव. क्रम नीट बघ.

आणि नाव कळून तरी काय कळतं? विनोग्राडस्की यांनी १८९०च्या सुमारास नायट्रिफिकेशन, म्हणजे अमोनियाचं नायट्रेट होणं, दोन टप्प्यांत आणि दोन वेगळ्या जीवाणूंकडून होतं असं दाखवलं. मीही वर्षानुवर्षं फळ्यावर तेच दोन बाण काढले. २०१५ साली कळलं की नायट्रोस्पायरा नावाच्या जीवाणूंतले काही जण दोन्ही टप्पे एकटेच पार पाडतात. सीक्वेन्सिंगमधून येणाऱ्या तुझ्या रंगीत बार ग्राफमध्ये नायट्रोस्पायरा आला तर तो यातला कुठला? जीवाणू ओळखायला वाचतात त्या १६एस जनुकावरून ते ठरत नाही, अमोनिया ऑक्सिडाइझ करण्याचं जनुक वेगळं शोधावं लागतं. नायट्रेट कमी करणाऱ्यांची तीच गत. एकाच जातीचा एक स्ट्रेन, म्हणजे वाण, नायट्रोजन वायूपर्यंत जातो, दुसरा नायट्रस ऑक्साइडवर थांबतो. शंभर वर्षांच्या हिशोबात तो वायू कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट तापवणारा आहे, म्हणजे कुठे थांबला हाच प्रश्न आहे. ग्राफला ते ठाऊक नाही.

मला आडमुठी म्हणायचे, ते तुझ्याही कानावर आलंच असेल. एका पेपरवरून मी स्वतःचं नाव काढून घेतलं होतं. जवळपास तिसरा हिस्सा नायट्रोजन बेपत्ता होता आणि 'बहुधा वायुरूपात' असं एका वाक्यात उरकायचं ठरत होतं. मी म्हटलं, नायट्रस ऑक्साइड मोजू. गॅस क्रोमॅटोग्राफ दुसऱ्या संस्थेत होता, डिटेक्टर बंद पडलेला, आणि आमच्या वरिष्ठांना बढतीच्या अर्जात तो पेपर हवा होता. पेपर छापला गेला. त्याला संदर्भही बरे मिळतात. मला त्याचं काही वाटत नाही, असं मी बरीच वर्षं सांगत आले आहे. वाटतं ते एवढंच, की माझ्याबरोबर काम करणारी मुलगी त्या ताणाताणीत कंटाळून निघून गेली. ती आता एका औषध कंपनीत क्वालिटी कंट्रोल बघते. तिच्याइतका हलका, स्थिर हात मी पिपेटवर नंतर पाहिला नाही. तरी पुन्हा तोच प्रसंग आला तर मी तेच करेन. बेपत्ता तिसरा हिस्सा हाच तर खरा शोध होता, आणि तोच त्यांनी एका क्रियाविशेषणात गाडला.

हिंजवडीचा फोन आला तर घे. पगाराची लाज वाटण्याचं कारण नाही, आणि घरचे काय म्हणतात ते तूच जास्त जाणतेस. मात्र 'संशोधन जमत नाही' म्हणून जाऊ नकोस. अजून तू मोजलेलंच नाहीस, जमत नाही हे कशावरून ठरवलंस?

सरांशी भांडू नकोस. गाळ आजच सेंट्रिफ्यूज करून उणे ८० अंशांना ठेवून दे, सीक्वेन्सिंग पुढेही होईल. तोवर मेलेला फ्लास्क, मिसळून परत मोजलेलं नायट्रेट आणि अल्कलिनिटी, एवढे आकडे घेऊन घरी ये. रविवारी सकाळी मी असते. ज्या रकान्यात आकडा नाही तो कोरा ठेव. पाठवलेल्या तक्त्यात तू नायट्रेटसमोर सगळीकडे शून्य लिहिलं आहेस. ते मोजून आलेलं शून्य आहे की रंग दिसला नाही म्हणून लिहिलेलं, हे आधी फोन करून सांग.

तुझी,
मॅडम