गुरे आडवी येतात म्हणून बुलबार ठेवावा का?

प्रश्न : मी ठाण्यात घोडबंदर रस्त्यावर कासारवडवलीजवळ राहतो. गाव ओतूर, महिन्यातून एकदा तरी मुरबाड-माळशेजमार्गे जाणे होते आणि नोकरीमुळे बहुधा शुक्रवारी रात्रीच निघता येते. यंदा जुनी फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळणारी, गाडी घेतली. पहिल्या मालकाने तिला पुढे लोखंडी पाइपचा बुलबार बसवलेला आहे. गेल्या पावसाळ्यात टोकावड्याच्या पुढे थोरल्या भावाच्या पिकअपला म्हैस आडवी आली आणि रेडिएटर फुटला, म्हणून तो बार राहू दे म्हणतो. मुलगा काढा म्हणतो. काय करावे?
— एक वाचक, ठाणे (पश्चिम)

उत्तर : बार काढून टाकावा. आपल्या बंधूंची काळजी रास्त आहे, परंतु तिच्यावरचा उपाय बार हा नाही.

गाडीचा पुढचा भाग धडकेत चुरडला जावा अशाच बेताने बनवलेला असतो. बंपरमागची आडवी पट्टी आणि तिच्यामागचे सांगाड्याचे भाग ठरावीक क्रमाने दुमडतात, त्यात धडकेची बरीच शक्ती खर्च होते आणि आत बसलेल्यांपर्यंत पोहोचणारा झटका सौम्य होतो. एअरबॅग उघडायची की नाही, हेही त्या झटक्याच्या चढत्या जोरावरूनच क्षणार्धात ठरते. बार चासीला घट्ट आवळला की झटका वेगळ्या वाटेने आत शिरतो, आणि कंपनीने चाचण्या घेऊन बसवलेले गणित बिघडते. एअरबॅग उशिरा उघडू शकते किंवा किरकोळ ठोकरीतही उघडू शकते. धडक ओळखणाऱ्या सेन्सरपुढे जागा मोकळी सोडली आहे, असे दुकानदार सांगतात. मात्र अडचण सेन्सर झाकला जाण्याची नाही, झटक्याचे स्वरूप बदलण्याची आहे. १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींना चालकाची एअरबॅग सक्तीची झाली. आपली गाडी त्याआधीची असून तिला एअरबॅग नसेल, तर हा एक मुद्दा गळेल. पुढचे सगळे तरीही उरतील.

बाजारात मिळणारे बहुतेक बार पातळ पाइपचे असून बंपरच्या ब्रॅकेटला चार-सहा बोल्टांवर लावलेले असतात. पूर्ण वाढलेली म्हैस चारशे-पाचशे किलोंची असते. ती धडकली की असा पाइप मागे वाकतो आणि ज्या रेडिएटरसाठी तो लावला, त्याच्यातच घुसतो. शिवाय उंच जनावराचे पाय बंपरच्या पातळीवर असतात आणि धड त्याच्या वर. पाय निसटले की ते धड बॉनेटवरून काचेकडे येते. जिवाला खरा धोका त्या काचेतून असतो आणि तिच्यापुढे बार नसतो.

ऑस्ट्रेलियात कांगारूंमुळे असे बार सर्रास दिसतात, हे खरे आहे. तेथे ओसाड भागात शेकडो किलोमीटर मदत मिळत नाही, रेडिएटर फुटला तर माणूस उन्हात अडकून पडतो, म्हणून गाडी चालती राहणे हाच बारचा मुख्य हेतू असतो. आणि तेथील चांगले बार त्या-त्या मॉडेलसाठी, एअरबॅगचा विचार करून बनवलेले असतात. कल्याण ते ओतूर या वाटेवर ती परिस्थिती नाही.

कायदाही स्पष्ट आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना पत्र पाठवून, क्रॅश गार्ड आणि बुलबार हे मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या, वाहनातील बदलांविषयीच्या कलम ५२ चे उल्लंघन ठरतात, असे कळवले. २०१९ च्या दुरुस्तीने, परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी मालकाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद केली. बार पहिल्या मालकाने बसवला, हा बचाव आपल्याला फारसा उपयोगी पडणार नाही, कारण गाडी आता आपल्या नावावर आहे.

माझ्या मते मात्र दंडाहून मोठे कारण आपल्या दारापाशीच आहे. माळशेजला आपण महिन्यातून एकदा जाता. उरलेले दिवस ही गाडी घोडबंदर रस्त्यावर, मेट्रोच्या खांबांमधून वाट काढत रस्ता ओलांडणाऱ्या माणसांमध्ये फिरते. बॉनेटचा पत्रा आणि बंपरचे प्लास्टिक दबतात, त्यामुळे आदळलेल्या माणसाला थोडी तरी जागा मिळते. लोखंडी पाइप दबत नाही आणि सगळा मार हातभर जागेत एकवटतो. मोठ्या माणसाच्या बाबतीत ती जागा मांडी किंवा कंबर असते, शाळकरी मुलाच्या बाबतीत छाती किंवा डोके. ताशी तीस किलोमीटरच्या ज्या धडकेतून मूल वाचू शकले असते, तीच बारमुळे जीवघेणी ठरू शकते. हे वाक्य आपण आपल्या बंधूंना अवश्य वाचून दाखवावे.

आता म्हशीचे. पावसाळ्यात गुरे डांबरी रस्त्यावर बसतात, कारण रान ओले असते आणि डांबर कोरडे व उबदार. काळी म्हैस काळ्या रस्त्यावर दिव्यात उशिरा दिसते. ताशी ८० किलोमीटर वेगात दीड सेकंद प्रतिक्रियेत गेला तर गाडी सुमारे ३३ मीटर पुढे जाते आणि कोरड्या रस्त्यावर जोरात ब्रेक दाबूनही थांबायला आणखी ३५ मीटर लागतात, म्हणजे जवळपास ६८ मीटर. ६० च्या वेगात हेच अंतर ४५ मीटरच्या आसपास येते. ओल्या रस्त्यावर दोन्ही वाढतात. लो बीममध्ये काळे जनावर पन्नास मीटरवर दिसले तरी नशीब समजावे, म्हणून रात्री, विशेषतः पावसात, साठच्या आतच राहावे. फोर बाय फोरमुळे चिखलातून गाडी निघते, पण ती लवकर थांबत नाही; ब्रेक चारही चाकांना सगळ्याच मोटारींत असतात.

जनावर दिसले की स्टीअरिंग सरळ धरून ब्रेक दाबावा. उंच गाडी एकदम वळवली तर उलटण्याचा किंवा समोरच्या ट्रकवर जाण्याचा धोका असतो, आणि घाटात दरीचा. एक जनावर रस्ता ओलांडून गेले तरी लगेच वेग वाढवू नये, मागून दुसरे येतेच. ओतूरच्या बाजूला उसाच्या फडांतून बिबट्या निघतो हे आपल्याला ठाऊकच असेल. वन्यप्राणी जखमी झाला तर खाली उतरून जवळ जाऊ नये, सुरक्षित अंतरावर थांबून वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.

बार काढताना एक काळजी घ्यावी. तो बसवताना अनेकदा बंपरचे मूळ बोल्ट बदललेले असतात किंवा ब्रॅकेट कापलेले असते. म्हणून हे काम अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये करून घ्यावे, मूळ ब्रॅकेट नसेल तर नवे बसवावे, आणि पुढचे वजन कमी झाल्याने हेडलाइटचा झोत थोडा वर उचलला जातो, तोही त्याच वेळी जुळवून घ्यावा.